प्रोग्रामला स्वतःचं घर सापडत नाही तेव्हा: ‘साचा मिळाला नाही’ या परत परत येणाऱ्या तक्रारीचा शोध आणि उपाय

रावपुऱ्यातल्या एका छापखान्यासाठी आम्ही लग्नपत्रिकांचा छोटा प्रोग्राम लिहिला आहे. वधूवरांची नावं, मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची यादी भरली की मराठी किंवा गुजराती साच्यात मजकूर बसतो आणि पीडीएफ तयार होते. साचे प्रोग्रामच्या शेजारीच, ‘साचे’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. या प्रोग्रामची एकच तक्रार आमच्याकडे चार वेगवेगळ्या रूपांत आली. चारही वेळा पडद्यावर अक्षरं तीच होती: साचा मिळाला नाही.

पहिल्या वेळी प्रोग्राम सकाळी चालायचा आणि दुपारी अडायचा. दुसऱ्या वेळी हाताने उघडला तर चालायचा, रात्री आपोआप लावला की अडायचा. तिसऱ्या वेळी जुन्या मशीनवर ठीक होता, पण तोच फोल्डर नव्या मशीनवर उतरवला तर अडला. चौथ्या वेळी आमच्या लिनक्स सर्व्हरवर अपडेट केल्यानंतर अडला. दर वेळी आम्ही तेवढ्यापुरतं ठिगळ लावलं आणि तक्रार दुसऱ्या दाराने परत आली. चारही रूपांच्या मुळाशी एकच चूक होती. प्रोग्रामची फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे हे आम्ही एकतर अंदाजाने ठरवत होतो, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारूनही तिचं उत्तर नीट घेत नव्हतो.

सांगायचं ते वडोदऱ्याच्या पद्धतीने सांगतो. इथल्या मराठी माणसाला नव्या ओळखीत तीन गोष्टी हमखास विचारतात: नाव काय, राहता कुठे, आणि मूळ गाव कुठलं. एखादा राहायला मांजलपुरात असतो, मूळ गाव साताऱ्याकडचं असतं आणि घरात त्याला बाळू म्हणतात. यातल्या एका उत्तरावरून दुसरं काढता येत नाही. चालू असलेल्या प्रोग्रामलाही हीच तीन उत्तरं असतात. त्याला ज्या नावाने हाक मारून उठवलं ते नाव आर्ग-व्ही, म्हणजे सुरू होताना त्याला मिळणाऱ्या शब्दांच्या यादीच्या शून्याव्या जागी असतं. तो सध्या ज्या फोल्डरमध्ये उभा आहे ती करंट डिरेक्टरी, म्हणजे त्याचा मुक्काम. आणि त्याची फाइल जिथून उचलून चालवली ते मूळ ठिकाण. ‘शेजारचा साचे फोल्डर’ म्हणताना आपल्या मनात मूळ ठिकाण असतं, आणि कोडमध्ये आपण नकळत मुक्काम लिहून बसतो.

म्हणून कुठलीही दुरुस्ती करण्याआधी एक गोष्ट करा. प्रोग्राम सुरू होताच ही तिन्ही उत्तरं नोंदवहीच्या फाइलमध्ये लिहायला लावा, आणि तक्रार आली की आधी ती फाइल मागवा. आम्ही हे फार उशिरा केलं. फोनवर ‘काका, प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये आहे?’ असं विचारण्यात आणि ‘अहो, डेस्कटॉपवरच आहे’ हे ऐकण्यात आमचे कित्येक तास गेले. डेस्कटॉपवर शॉर्टकट होता, प्रोग्राम नव्हता. (फंक्शनांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.)

सकाळी चालतो, दुपारी नाही

हे रूप सगळ्यात छळणारं, कारण आमच्यासमोर ते कधी घडायचंच नाही. शेवटी मी एक अख्खा दिवस छापखान्यात बसलो. दुपारी काकांनी जुन्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडायला ‘फाइल उघडा’ची खिडकी आणली, पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरपर्यंत गेले, फाइल निवडली, आणि त्यानंतरचा पहिलाच नवा साचा सापडेना.

विंडोजची ती जुनी फाइल निवडायची खिडकी तुम्ही ज्या फोल्डरमध्ये जाता तिथे प्रोग्रामची करंट डिरेक्टरीही हलवू शकते. म्हणजे वापरणाऱ्याने फाइल निवडली आणि प्रोग्रामचा मुक्काम पेन ड्राइव्हवर गेला. तिथे ‘साचे’ फोल्डर कुठून असणार? ही खिडकी उघडताना ‘डिरेक्टरी बदलू नको’ असा एक झेंडा (फ्लॅग) देता येतो. तो द्यावाच, पण त्यावर विसंबू नये. करंट डिरेक्टरी ही अख्ख्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, सामायिक वस्तू आहे. कुठलीही लायब्ररी, त्यात समांतर चालणारा कुठलाही थ्रेड ती केव्हाही बदलू शकतो.

रात्री आपोआप लावला की अडतो

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘स्टार्ट इन’ नावाचा एक रकाना आहे आणि त्याच्या नावापुढेच कंसात तो ऐच्छिक असल्याचं लिहिलेलं असतं, म्हणून सगळे तो रिकामा सोडतात. मग प्रोग्रामचा मुक्काम विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये पडतो. सर्व्हिस म्हणून चालवलेल्या प्रोग्रामचंही तसंच. लिनक्सवर ठरल्या वेळी कामं लावणारा क्रॉन काम चालू करतो तेव्हा मुक्काम त्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत असतो, आणि प्रोग्राम कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या पाथ या व्हेरिएबलमध्ये मोजकेच फोल्डर असतात. मॅकवर फाइंडरमधून डबल-क्लिक केलेलं ॲप थेट मुळाच्या तिरक्या रेघेवर, म्हणजे रूट डिरेक्टरीत उभं असतं.

‘स्टार्ट इन’ भरल्याने तक्रार थांबते. भरायचाच असेल तर फोल्डरचं नाव अवतरणचिन्हांशिवाय लिहा, मध्ये जागा असली तरी. अवतरणचिन्हं घातली तर काम सुरूच होत नाही आणि त्रुटीचा अर्थ चटकन लागत नाही. पण हा उपाय गिऱ्हाइकाच्या मशीनवरचा आहे. मशीन बदललं की तो गेला, आणि नेमकं तेच आमच्याकडे झालं.

हाकेच्या नावावर विसंबू नका

मुक्काम बेभरवशाचा निघाला तेव्हा आम्ही आर्ग-व्ही-शून्यकडे वळलो. बरेच जण याच वाटेने जातात. टर्मिनलवर पूर्ण रस्ता, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या नावांसकट फाइलचा पत्ता, टाइप करून प्रोग्राम चालवला तर तिथे पूर्ण रस्ता दिसतो, म्हणून वाटतं की सापडलं. पण नुसतं नाव टाइप केलं आणि आज्ञा वाचणाऱ्या शेलने पाथमध्ये धुंडाळून प्रोग्राम शोधला, तर तिथे नुसतं नावच येतं. अर्धा रस्ता टाइप केला तर अर्धाच येतो, आणि तो प्रोग्राम सुरू होतानाच्या मुक्कामापासून मोजायचा असतो. तो मुक्काम नंतर हलला की त्या अर्ध्या रस्त्याला अर्थ उरत नाही.

मुळात ते नाव लिहितो प्रोग्रामला चालवणारा, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. युनिक्समध्ये एक्झेक करताना, म्हणजे प्रोग्राम चालवायला सांगताना, कुठली फाइल चालवायची आणि तिला काय नाव सांगायचं हे दोन वेगळे मुद्दे आहेत. लॉगिन करताना सुरू होणाऱ्या बॅश या शेलला नावाआधी एक आडवी रेघ लावून हाक मारतात, आणि त्यावरून त्याला कळतं की आपण लॉगिन शेल आहोत. बिझीबॉक्स ही एकच फाइल ‘एलएस’, ‘कॅट’, ‘ग्रेप’ अशा पुष्कळ नावांनी हाक मारली जाते आणि हाकेप्रमाणे काम करते. या सोयी खरोखर उपयोगाच्या आहेत. पण त्यांचा अर्थच असा की हे नाव म्हणजे पत्ता नव्हे.

ते नाव अजिबात नसूही शकतं. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी लिनक्सवरच्या पीकेएक्झेक या प्रोग्राममधली एक गंभीर भेग जाहीर केली. रिकामी आर्ग-व्ही यादी देऊन त्याला चालवलं की तो यादीच्या पलीकडची मेमरी वाचायचा, आणि साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार मिळायचे. ती भेग कित्येक वर्षं तशीच पडून होती. त्याच वर्षी आलेल्या लिनक्स ५.१८ पासून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अशा रिकाम्या यादीत स्वतःहून एक रिकामं नाव घालून देतं. बाहेरून आलेल्या नावावरून आपण साचेच नव्हे तर लायब्रऱ्याही उचलत असू, तर हा धोका आपल्याही दाराशी आहे.

देवनागरी फोल्डर आणि प्रश्नचिन्हं

तिसऱ्या रूपाने मला सर्वांत जास्त शिकवलं. तोवर आम्ही विंडोजवर योग्य फंक्शन वापरू लागलो होतो, गेट-मॉड्यूल-फाइल-नेम. पहिल्या जागी शून्य दिलं की ते चालू प्रोग्रामच्या फाइलचा पूर्ण रस्ता देतं. जुन्या मशीनवर सगळं सुरळीत होतं. नव्या मशीनवर काकांनी हौसेने फोल्डरला ‘लग्नपत्रिका’ असं मराठीत नाव दिलं, आणि साचे गायब.

नोंदवही उघडली तर रस्त्याच्या मधोमध नुसती प्रश्नचिन्हं होती. विंडोजच्या अशा बहुतेक फंक्शनांची दोन रूपं असतात. शेवटी ‘ए’ असलेलं जुन्या कोड-पेजमध्ये, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या कोष्टकात, उत्तर देतं, शेवटी ‘डब्ल्यू’ असलेलं युनिकोडमध्ये. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ते जुनं कोड-पेज १२५२ असतं, आणि त्यात देवनागरी नाही, गुजरातीही नाही. मुळात विंडोजमध्ये मराठी-हिंदीसाठी असं जुनं कोड-पेजच नाही. या लिप्या तिथे आल्या त्या थेट युनिकोडमधून. त्यामुळे ‘ए’ रूपाला देवनागरी अक्षर दिसलं की ते त्या जागी प्रश्नचिन्ह टाकून मोकळं होतं. विंडोजच्या फाइलनावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणून पुढची फाइल उघडताना त्रुटी क्रमांक १२३ येतो, नाव चुकीचं असल्याचा. हा १२३ दिसला आणि फोल्डरचं नाव आपल्या लिपीत असलं, तर आधी इथेच बघा.

उपाय म्हणून गिऱ्हाइकाला ‘फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवा’ असं सांगणं मला पटत नाही. मराठी माणसाने मराठी छपाईच्या फोल्डरला मराठी नाव द्यावं, आणि प्रोग्रामने ते वाचावं. ‘डब्ल्यू’ रूप वापरा, रस्ता शेवटपर्यंत युनिकोडमध्येच ठेवा, आणि फाइल उघडणारी फंक्शनंही त्याच रूपाची घ्या. मधल्या एखाद्या लायब्ररीत ‘ए’ रूप शिल्लक राहिलं तर तिथेच घोटाळा होतो. मे २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामसोबतच्या मॅनिफेस्ट या माहितीत लिहून आपल्या एका प्रोग्रामपुरतं कोड-पेज यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचंच एक रूप, करता येतं. जुना कोड मोठा असेल तर ही वाट चांगली. मात्र सेटिंगमधून अख्ख्या मशीनचं कोड-पेज यूटीएफ-८ करायचा सल्ला छापखान्यात देऊ नका. युनिकोडच्या आधीचे मराठी-गुजराती फॉन्ट वापरणारे डीटीपीचे जुने प्रोग्राम तिथे अजून रोज चालतात, आणि ते बिघडू शकतात.

याच फंक्शनची आणखी एक खोच आहे. बरेच जण २६० अक्षरांची जागा देऊन मोकळे होतात, कारण मॅक्स-पाथ, म्हणजे विंडोजची रस्त्याच्या लांबीची जुनी मर्यादा, तेवढी. रस्ता त्याहून लांब असला तर उत्तर कापून येतं, आणि एक्सपीच्या काळात तर कापलेल्या उत्तराच्या शेवटी समाप्तीचं शून्यही, म्हणजे मजकूर संपल्याची खूणही, नसायची. परत आलेली लांबी दिलेल्या जागेइतकीच असेल तर जागा दुप्पट करा आणि पुन्हा विचारा. मोठ्यात मोठा रस्ता साधारण ३२ हजार अक्षरांचा, त्यामुळे हे चक्र लवकर संपतं.

लिनक्सवर ‘डिलीटेड’

लिनक्सवर उत्तर सोपं वाटतं. /प्रॉक/सेल्फ/ईएक्सई हा दुवा चालू प्रोग्रामच्या फाइलकडे बोट दाखवतो. तो रीडलिंक या फंक्शनने वाचायचा. इथेही दोन खाचखळगे आहेत. रीडलिंक शेवटी समाप्तीचं शून्य लावत नाही, ते परत आलेल्या लांबीवरून आपण लावायचं. आणि दुव्याची लांबी आधी विचारून तेवढीच जागा घ्यावी म्हटलं तर प्रॉकमधला हा दुवा आपली लांबी शून्य सांगतो. तेव्हा मोठी जागा घ्या, आणि ती पूर्ण भरली तर वाढवा.

आमचं चौथं रूप याच दुव्यातून आलं. सर्व्हरवर नवी आवृत्ती बसवली तेव्हा जुना प्रोग्राम चालूच होता. बसवणाऱ्या स्क्रिप्टने जुनी फाइल काढून त्याच नावाची नवी ठेवली. चालू प्रोग्रामने त्यानंतर दुवा वाचला तेव्हा रस्त्याच्या शेवटी एक जागा सोडून कंसात ‘डिलीटेड’ असा शब्द चिकटलेला होता. आम्ही त्याच रस्त्यावरून आधी स्वतःला पुन्हा सुरू करत होतो. ते जमेना, आणि जुनाच प्रोग्राम नव्या आवृत्तीचे साचे मागत राहिला.

हे का होतं ते कळलं की राग येत नाही. युनिक्समध्ये फाइल म्हणजे तिचा आयनोड, डिस्कवरचा तिचा मूळ दाखला, आणि नाव ही डिरेक्टरीतली एक नोंद. एका फाइलला दोन नावं असू शकतात, तीन असू शकतात, आणि नाव पुसल्यावर एकही नसू शकतं, तरी कोणी वापरत असेल तोवर फाइल जिवंत राहते. ग्रंथालयातलं पुस्तक कपाटात असतं आणि त्याची कार्डं तालिकेत. कार्ड काढून टाकलं म्हणून वाचकाच्या हातातलं पुस्तक नाहीसं होत नाही. म्हणून ‘माझ्या फाइलचं नाव काय’ या प्रश्नाला युनिक्सकडे कायमचं उत्तर असेलच असं नाही, आणि लिनक्स ते प्रामाणिकपणे सांगतो. आणखी एक लक्षात ठेवा. तो दुवाच थेट चालवला तर चालतो, पण चालते ती जुनी, पुसलेली फाइल. अपडेटनंतर स्वतःला नव्याने सुरू करायचं असेल तर रस्ता प्रोग्रामच्या पहिल्या ओळींत वाचून जपून ठेवा आणि नंतर तोच वापरा.

उलट विंडोजवर चालू प्रोग्रामची फाइल पुसता येत नाही, पण तिचं नाव बदलता येतं. पुष्कळ अपडेटर जुनीचं नाव बदलून नवी तिच्या जागी ठेवतात.

चेंजरूटमध्ये, म्हणजे प्रोग्रामला एका फोल्डरात कोंडून चालवताना, किंवा एखाद्या कडक कंटेनरमध्ये /प्रॉक जोडलेलंच नसू शकतं. तिथे गेट-ऑक्स-व्हॅल कर्नलने सुरुवातीला दिलेला रस्ता सांगतो. पण तो चालवणाऱ्याने जसा दिला तसाच असतो, अर्धा असेल तर अर्धा. ॲपइमेज म्हणून, म्हणजे सगळा प्रोग्राम एकाच फाइलीत, बांधला असेल तर प्रॉकचं उत्तर तात्पुरत्या जोडणीतलं येतं, खरी फाइल ॲपइमेज नावाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये असते.

मॅक आणि बाकीचे

मॅकवर एनएस-गेट-एक्झिक्युटेबल-पाथ वापरायचं, नावाआधी अंडरस्कोअर असतो. जागा कमी पडली तर ते किती हवी ते सांगतं, हे मला फार आवडतं. मात्र उत्तरात सिमलिंक (दुसऱ्या ठिकाणाकडे नेणारे दुवे) आणि दोन टिंबं (वरच्या फोल्डरची खूण) तशीच राहू शकतात, म्हणून ते रिअलपाथमधून गाळून घ्या. एवढं करूनही इंटरनेटवरून उतरवलेल्या ॲपला आपलं शेजारचं फोल्डर सापडेनासं झालं, तर ते ट्रान्सलोकेशन आहे. २०१६ च्या सिएरापासून मॅक अशा ॲपला सुरक्षेसाठी एका तात्पुरत्या, फक्त वाचता येणाऱ्या, दर वेळी बदलणाऱ्या जागेवरून चालवतो. वापरणाऱ्याने फाइंडरमधून ॲप उचलून ॲप्लिकेशन्समध्ये ठेवलं की ते थांबतं. आपल्या हातचा खरा उपाय म्हणजे साचे ॲपच्या शेजारी न ठेवता ॲपच्या बंडलाच्या आत, रिसोर्सेसमध्ये ठेवणं.

फ्रीबीएसडीवर सिस्‌कंट्रोलमधून पाथनेम विचारता येतं, प्रॉक जोडलेलं असायची गरज नाही. सोलारिसवर गेट-एक्झेक-नेम आहे, ते अर्धा रस्ताही देऊ शकतं. ओपनबीएसडीवर अशी सोयच नाही. तिथे बसवतानाच रस्ता ठरवून प्रोग्राममध्ये गोठवणं मला योग्य वाटतं.

भाषेने दिलेलं घ्या, पण काय देते ते पाहून

हे सगळं हाताने लिहायची गरज बहुतेकांना नाही. गो भाषेत २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून ओएस-एक्झिक्युटेबल आहे, रस्टमध्ये करंट-ईएक्सई आहे, डॉटनेट ६ पासून प्रोसेस-पाथ आहे, क्यूटीमध्ये ॲप्लिकेशन-डिर-पाथ आहे. सी आणि सी++ च्या प्रमाणभाषेत मात्र अजून काही नाही, तिथे वरचा सगळा खटाटोप आलाच.

जावामध्ये जार फाइलचा पत्ता यूआरएल म्हणून येतो. देवनागरी नाव त्यात टक्क्याच्या चिन्हांच्या आणि आकड्यांच्या रांगेत बदललेलं असतं, आणि रिकामी जागा ‘टक्का २०’ होते. तो तसाच फाइलचा रस्ता म्हणून वापरू नका, आधी यूआरआय आणि मग पाथ करून घ्या.

पायथॉनवाल्यांनी इथे जरा थांबावं, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक तरुण पायथॉनच लिहितात. सिस-एक्झिक्युटेबल म्हणजे पायथॉनचा इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, तुमची स्क्रिप्ट नव्हे. पायइन्स्टॉलर या साधनाने स्क्रिप्टची एकच फाइल बांधली की तेच नाव तुमच्या ईएक्सईकडे बोट दाखवू लागतं, आणि स्क्रिप्टचं ठिकाण सांगणारं अंडरस्कोअर-फाइल मात्र एका तात्पुरत्या फोल्डरकडे. आत गुंडाळलेले साचे त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतात, तेव्हा वाचायला ते बरोबर आहे. पण प्रोग्राम बंद झाला की तो फोल्डर पुसला जातो. माझी सहकारी एका दवाखान्यासाठी नोंदींचा प्रोग्राम करत होती. ‘ताई, कालच्या नोंदी आज दिसत नाहीत’ अशी तक्रार रोज यायची. नोंदी त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहिल्या जात होत्या आणि रोज संध्याकाळी जात होत्या. माणसांची माहिती हरवली ही गोष्ट साच्यापेक्षा फार गंभीर, आणि त्या दिवसापासून वाचायची जागा आणि लिहायची जागा आम्ही कायमच्या वेगळ्या केल्या.

प्रोग्रामच्या शेजारी लिहू नका. प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. व्हिस्टापासून विंडोज जुन्या प्रोग्रामांचं असं लिखाण गुपचूप व्हर्च्युअल-स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतो, आणि मग एकाला दिसणारी फाइल दुसऱ्या लॉगिनला दिसत नाही. नोंदी विंडोजवर ॲप-डेटामध्ये, मॅकवर लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये, लिनक्सवर होममधल्या डॉट-लोकलखालच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवा.

आता आमच्या प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला एकच छोटं फंक्शन आहे. ते सिस्टिमला मूळ ठिकाण विचारतं, युनिकोडमध्येच जपून ठेवतं आणि शेजारी ‘साचे’ आहे का ते पाहतं. नसेल तर संदेशात नुसतं ‘साचा मिळाला नाही’ न म्हणता, कुठल्या रस्त्यावर शोधला तो पूर्ण रस्ता दाखवतं. बाहेर पाठवण्याआधी आम्ही प्रोग्राम नाव मराठी आणि मध्ये जागा असलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, दुसऱ्याच डिरेक्टरीतून चालवतो, शॉर्टकटवरून चालवतो, आणि चालू असताना फाइल बदलून पाहतो. छापखान्यातला फोल्डर अजून ‘लग्नपत्रिका’ याच नावाचा आहे.